डुक्कर फियाटचं स्टिअरिंग

“डावीकडे हत्ती,” माई म्हणाल्या.

“उगाच काहीतरी,” नाना म्हणाले आणि त्यांनी गाडी डावीकडे वळवली.

हत्ती होता. मी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मला तो केव्हापासून दिसत होता. मिरजेत त्या आठवड्यात सर्कस उतरली होती आणि माहूत हत्तीला आंघोळीला नेता नेता पानपट्टीशी थांबला होता. नानांनी ब्रेक दाबला आणि बैलाचा कासरा ओढावा तसं स्टिअरिंग छातीकडे ओढलं. गाडी थांबली. गाडीचं नाक आणि हत्तीचा मागचा पाय यांच्यात वीतभर जागा उरली असेल. हत्तीनं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण या ओढाओढीत स्टिअरिंगचं कडं दोन जागी तुटलं होतं, आणि नाना त्यातला एक तुकडा हातात धरून समोर बघत बसले होते.

माई खाली उतरल्या. त्यांनी पदर सारखा केला, माझ्याकडून डबा घेतला आणि म्हणाल्या, “शरयू, तुझ्या सासऱ्यांना सांग, मी या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही.”

नाना दोन फुटांवर होते. तरी मी सांगितलं.

“ऐकलंय,” नाना म्हणाले. “आणि तिला सांग, हत्ती डावीकडे नव्हता. समोर होता.”

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. सासरी कुणाची बाजू घ्यायची हे अजून मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी दोघांकडे बघून मान डोलावली आणि माईंच्या मागून चालत घरी आले.

माझे सासरे नाना मुळगुंद दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं एकाच अंगाला वाकून लोकांच्या जबड्यात बघितल्यामुळे त्यांची मान कायमची धरली होती. ती उजवीकडे हवी तेवढी फिरे, सरळ येई, पण डावीकडे जायचं नाव घेत नसे. एरवी यानं काही अडत नव्हतं. डावीकडच्या माणसाशी बोलायचं झालं तर नाना सगळेच्या सगळे फिरत. पण गाडी चालवताना माणसाला सगळं फिरता येत नाही, म्हणून गाडीत डावी बाजू माईंकडे होती.

गाडी चोपन्न सालची. फुगीर गालांची, पुढे नाक काढलेली ती जुनी फियाट, जिला अख्खा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो. नानांना ते नाव खपत नसे. कुणी म्हटलंच, तर ते “वराह हा विष्णूचा अवतार आहे” असं सांगून त्याचा दात जरा जोरात ठोकून बघत.

दर शनिवारी दुपारी दोघं या गाडीतून नरसोबाच्या वाडीला जायची. माई नानांच्या शेजारी बसत आणि घरातून निघाल्यापासून देवळाच्या कमानीपर्यंत बोलत राहत. “डावीकडे सायकल. डावीकडे दोघी, डोक्यावर हंडे. डावीकडे म्हैस, बसलेली. डावीकडे म्हैस, उठली. डावीकडे काही नाही.” तीस वर्षं हे असंच चाललं होतं. गाडीच्या डाव्या अंगाला एक ओरखडा नव्हता. उजव्या अंगाला, जी बाजू नाना स्वतः बघत, सात पोचे होते.

हे मी माईंची तरफदारी म्हणून सांगत नाही. पोचे मी मोजले होते.

घरी आल्यावर माई स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीत पीठ घेऊन मळत बसल्या. पोळ्यांची वेळ नव्हती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“तीस वर्षांत मी एकदा तरी खोटं सांगितलं का गं?” त्या पिठाकडे बघत म्हणाल्या. “म्हैस म्हटलं तर म्हैस होती. बोळातून पोर पळत येतंय म्हटलं तर पोर आलं. आणि हत्तीच्या वेळी म्हणे, उगाच काहीतरी. मी काय मनानं हत्ती काढते?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम लपवता येईना म्हणून मी मिठाचा डबा शोधायला वळले.

“ऐक,” माई म्हणाल्या. “आता ते स्टिअरिंग शोधत हिंडतील. स्टिअरिंग आलं की गाडी निघेल. मी शेजारी नसले तर हे गृहस्थ पहिल्याच वळणाला कुणाच्या तरी ओसरीत जेवायला जातील. म्हणून एकही स्टिअरिंग पसंत पडता कामा नये. काय?”

“पण माई, मी काय करू त्यात?”

“खोड काढायची. सुनेनं खोड काढली की सासऱ्याच्या मनात भरत नाही. मी काढली तर मुद्दाम तेच बसवतील.”

मी बरं म्हटलं. म्हणताना मनातून चोरट्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं कारण माईंना माहीत नव्हतं. मला गाडी येत होती.

माझे वडील आजऱ्याचे. त्यांचा काजूचा कारखाना होता आणि कारखान्याला एक जीप होती. भाऊ मुंबईला शिकायला गेल्यापासून ती जीप मीच चालवायचे. काजूची पोती भरून आंबोलीचा घाट मी इतक्यांदा उतरले होते की वळणं पाठ झाली होती. लायसनसुद्धा होतं. पण मुळगुंदांकडची मंडळी मला बघायला येणार म्हणून आईनं आदल्या दिवशी दम भरला होता. “गाडीचं नाव काढायचं नाही. घाटात जीप चालवणारी सून कुणाला हवी असते? झाकली मूठ सव्वा लाखाची.” बघायच्या दिवशी मला गाता येतं का विचारलं, भरतकाम विचारलं, पुरणपोळी विचारली. गाडी येते का हे कुणी विचारलंच नाही, त्यामुळे खोटं बोलायची वेळ आली नाही. लायसन ट्रंकेत शालूच्या घडीत होतं.

चार महिने मी त्या डुक्कर फियाटच्या मागच्या सीटवर बसून, पायाखाली क्लच नसताना क्लच दाबत वाडीला जाऊन आले होते.

हत्तीनंतर घरात बोलणं बंद झालं. म्हणजे आवाज पुष्कळ होता, पण सगळा माझ्यावरून जात होता. जेवताना माई म्हणत, “शरयू, विचार त्यांना, आमटी वाढू का?” नाना म्हणत, “सांग, वाढ म्हणावं.” माझे यजमान श्रीधर इचलकरंजीला बँकेत जात ते रात्री उगवत. त्यांना एकदा मध्ये घालून पाहिलं. ते म्हणाले, “मला नानांनी गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं ते सहा महिने. या गाडीच्या भानगडीत मी पडत नाही.” आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

शनिवार आला. माई पिशवी घेऊन एसटीनं वाडीला गेल्या. मी दुपारी परसात कपडे काढायला गेले तर गाडीच्या शेडमध्ये नाना दिसले. टोपी घालून, कोट चढवून, ते बिनस्टिअरिंगच्या गाडीत बसले होते. हात मांडीवर होते आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी पाय न वाजवता परत फिरले. संध्याकाळी माई आल्या, त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, “सांग, प्रसाद आहे. प्रसादाशी भांडण नसतं.”

पुढच्या सोमवारी गौस मिस्त्री पहिलं स्टिअरिंग घेऊन आले.

गौस मिस्त्री त्या गाडीचे वैद्य. मधली तबकडी आणि दांड्या जुन्याच ठेवायच्या की सगळंच नवं बसवायचं, यावर नानांशी त्यांची आधीच तासभर चर्चा झाली होती. त्यांनी पिशवीतून एक काळंभोर, चामडं गुंडाळलेलं, तीन दांड्यांना भोकं पाडलेलं चकचकीत चाक काढलं. “डाक्टरसाब, पुण्यास्नं आणलंय. शर्यतीच्या गाडीला असतंय. काय जिनस हाय बघा की.”

आता स्टिअरिंग बघायचं कसं? गाडी शेडमध्ये, तिथं अंधार. नानांनी दवाखान्यातली पेशंटची खुर्ची रिकामी केली. तिच्यावर ज्यांची अक्कलदाढ काढायची होती ते कुंभोजकर मास्तर गालात कापूस धरून बाकावर जाऊन बसले. नाना खुर्चीवर चढले, पायानं दट्ट्या मारून ती गाडीच्या सीटइतकी खाली आणली, वरचा दिवा लावला आणि चाक हातात धरून उजवीकडे बघत दोन वळणं घेतली.

“असं बसल्या बसल्या काही कळत नाही,” ते उतरत म्हणाले. “लांबून बघायला हवं. शरयू, तू बस.”

“मी?”

“गौसला बसवलं तर खुर्चीला ऑइल लागेल. बस आणि धर.”

मी बसले. चाक धरलं. नाना चार पावलं मागे सरकले आणि चष्म्यातून बघत राहिले. दारात माई उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली.

“लहान वाटतं, नाना,” मी म्हणाले. “पुरीएवढं.”

खरं म्हणजे ते मलाही आवडलं नव्हतं. असल्या चिमुकल्या चाकानं ती बोजड गाडी वळवायची तर दंडात रेड्याचं बळ हवं.

“मास्तर, तुम्हाला काय वाटतं?” नानांनी विचारलं.

“अं अं,” मास्तर कापसातून म्हणाले.

“मास्तरांचंही तेच म्हणणं दिसतंय. परत ने, गौस.”

माई आत गेल्या. त्या दिवशी मला शिऱ्यात बेदाणे जास्त मिळाले.

दुसरं स्टिअरिंग दोन आठवड्यांनी आलं. ते कुठल्याशा मोडीतल्या लॉरीचं होतं. गौस मिस्त्रींना ते आणायला सायकल पुरली नाही, त्यांनी ते गळ्यात घालून आणलं. “मजबूत हाय, डाक्टरसाब. हत्तीला धडकलं तरी तुटायचं न्हाई.”

गौस मिस्त्रींनी जीभ चावली. नाना म्हणाले, “शरयू, बस.”

मी बसले. चाक माझ्या पोटापासून निघून नाकापर्यंत येत होतं. मी मान वर केली, खाली केली, शेवटी दांड्यांच्या मधून डोकावले.

“यातून समोरचं दिसत नाही, नाना.”

बोलले आणि जीभ चावायची पाळी माझी आली. समोरचं दिसण्याशी माझा काय संबंध? पण नानांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. ते नुसतं “हं” म्हणाले, पुढे वाकून माझ्या हातांकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “परत ने. आणि गौस, जरा इकडे ये.”

दोघं औषधांच्या कपाटामागे जाऊन पाच मिनिटं कुजबुजले. बाहेर आले तेव्हा गौस मिस्त्री मान हलवत होते आणि म्हणत होते, “भाऊ वेडा म्हणंल मला.”

मधले तीन शनिवार माई एसटीनं गेल्या. मी एकदा सोबत गेले. माईंना डावीकडची खिडकी मिळाली होती तरी त्या सबंध वाटेत मागे न टेकता ताठ बसून होत्या. एका ठिकाणी त्यांच्या तोंडून “डावीकडे बैलगाडी” असं निघून गेलं. कंडक्टरनं वळून पाहिलं. माई ओशाळल्या आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“माई,” मी म्हणाले, “नाना एकदा चुकलं म्हणाले तर?”

“तर काय?”

“तर बसाल गाडीत?”

“ते म्हणणार नाहीत,” माई म्हणाल्या. “त्यांची मान वळत नाही आणि जीभही वळत नाही. आणि म्हणाले तरी मी का बसू? पुढच्या वेळी उंट असेल.” मग म्हणाल्या, “पण ही वाट खायला उठते गं. तू येईपर्यंत शनिवारी आम्ही दोघंच असायचो.”

तिसरं स्टिअरिंग आलं ते जुन्या धोतरात गुंडाळून. गौस मिस्त्रींचा चुलत भाऊ तंबोरे करायचा. मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ, पण स्टिअरिंग करायला सांगितलेला बहुधा तोच पहिला. धोतर सुटलं आणि आम्ही सगळे वाकलो. तूनच्या लाकडाचं, मधाच्या रंगाचं गोल कडं, त्याला गावातल्या कुठल्याही तंबोऱ्याला असते तशी पांढरी नाजूक वेल, आणि वर एवढं गुळगुळीत पॉलिश की दवाखान्यातला दिवा त्यात दिसत होता. दांड्या जुन्याच होत्या. त्यांना आता खानदान आलं होतं.

गौस मिस्त्री मात्र कानकोंडे झाले होते. “एक गडबड झालीय, डाक्टरसाब. तंबोऱ्यात दोन मापं असतात. मर्दानी मोठं, जनानी लहान. भावानं हे जनानी मापाचं केलंय.”

“म्हणजे?” दारातून माई म्हणाल्या. नवऱ्याशी न बोलण्याचा नेम त्यांनी मोडला नव्हता, पण गौस मिस्त्रींशी बोलायला हरकत नव्हती.

“म्हंजे बायकांच्या हाताचं, माईसाब.”

माईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला त्यांची दया आली. खोड शोधायची गरजच उरली नव्हती. चाक आपली खोड घेऊनच आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक भुवई उचलली. बोल, सूनबाई.

“बस, शरयू,” नाना म्हणाले.

मी खुर्चीवर बसले आणि ते चाक धरलं. आता काय सांगू? आजऱ्याची जीप मी सहा वर्षं चालवली, पण तिचं चाक कायम माझ्याशी भांडायचं. हे हातात आलं आणि मुकाट बसलं. माझी बोटं बरोबर मिटली. कोपर कुठे अवघडलं नाही. मी ते जरासं डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, आणि डोळ्यांपुढून दवाखाना जाऊन घाट आला. कुंभोजकर मास्तर (त्यांची आता दुसरी दाढ होती) बाकावरून बघत होते.

“बोल ना,” माई म्हणाल्या. “बायकांच्या मापाचं आहे. गाडी चालवणार पुरुष. परत पाठवायला हवं, हो की नाही?”

हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

“चांगलं आहे,” मी म्हणाले. “राहू दे, नाना.”

माईंनी माझ्याकडे असं बघितलं की तसं त्यांनी हत्तीकडेही बघितलं नव्हतं. “फितूर,” त्या हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशीही बोलेनाशा झाल्या, आणि घरात निरोप पोचवायला कुणीच उरलं नाही. आमटी न विचारता वाढली जाऊ लागली. ती निम्मी वाढली जाई.

मला खरंच वाईट वाटत होतं. इतक्या महिन्यांत ती बाई मला कधी उणा शब्द बोलली नव्हती, आणि मी एका लाकडाच्या कड्यासाठी तिला तोंडघशी पाडलं होतं. वर नाना त्या चाकामागे बसून एकटे रस्त्यावर निघाले आणि काही झालं, तर ते माझ्याच माथी बसणार होतं. त्या रात्री मी श्रीधरना सगळं सांगितलं, जीपसकट. त्यांनी तोंडावरचं पांघरूण काढलं. मग म्हणाले, “आंबोलीचा घाट? पोती भरून?” आणि दुसऱ्या कुशीला वळून हसत राहिले. त्यांचा तेवढाच उपयोग झाला.

शनिवारी सकाळी गौस मिस्त्रींनी चाक बसवलं. दुपारी नानांनी गाडी स्वतः ढकलून शेडबाहेर काढली. इंजिन लावलं नाही. माई पिशवी घेऊन एसटीला निघाल्या होत्या, त्या फाटकाशी थबकल्या. नानांनी टोपी घातली, कोट चढवला, गाडीला वळसा घातला आणि चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं.

“शरयू, बस.”

“लांबून बघायचंय का, नाना?”

“जवळून बघायचंय. वाडीला जाऊ या. लायसन आणलंस का?”

“कसलं लायसन? मला कुठं येते गाडी?”

“पोरी,” नाना म्हणाले, “ज्याला गाडी येत नाही तो माणूस स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालून मूठ आवळतो. आमचा श्रीधर तस्साच धरतो. तू पहिल्या दिवशी ते पुरीएवढं चाक धरलंस तेव्हा अंगठे कड्यावर बाहेर ठेवले होतेस. खड्ड्यातून जीप चालवणारेच तसे ठेवतात. चाक उसळलं की अंगठा मोडतो म्हणून. मी हातांवरच जगलोय, मला हात कळतात.”

“मग दीड महिना तुम्ही…”

“माप घेत होतो. लहान झालं, मग मोठं झालं. तिसरं मी सांगून करून घेतलं.”

“म्हणजे ती तंबोरेवाल्याची चूक नव्हती?” हे माईंनी विचारलं होतं. थेट. मध्ये कुणी नसताना. फाटकाशी उभ्या राहून.

“नव्हती,” नाना म्हणाले. ते सगळेच्या सगळे माईंकडे वळले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी हलले नाही.

“हत्ती होता,” नाना म्हणाले.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, हत्ती होता. आणि समोर नव्हता. डावीकडे होता. तू सांगितलंस आणि मी वळलो. त्या दिवशी शरयू मागे बसली होती, तू तिथं शेजारी होतीस. मला दिसत नाही म्हणून मी तुम्हा दोघींना…” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “मी आता चालवणार नाही. माझ्यानं होणार नाही ते. हे मला हत्तीच्या आधीच कळलं होतं. सांगायला तोंड नव्हतं.”

माईंनी पिशवी खाली ठेवली. एक एसटी फाटकासमोरून निघून गेली. ती त्यांचीच होती.

“केवढा होता?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“हत्ती.”

नानांनी विचार केला. “हत्तीएवढा,” ते म्हणाले.

माईंना हसू आवरेना. त्या फाटकाला धरून हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. “जा गं,” त्या मला म्हणाल्या, “काढ ते लायसन. कुठं ठेवलंयस?”

“शालूत.”

“शोभतेस खरी.”

नाना पुढे डावीकडे बसले. उजवीकडेच वळणाऱ्या त्या मानेला इतक्या वर्षांनी योग्य सीट मिळाली. माई मागे माझ्या पाठीशी बसल्या, उजव्या खिडकीपाशी. मी इंजिन लावलं, क्लच दाबला आणि जीपच्या सवयीनं गिअरसाठी हात खाली नेला. डुक्कर फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. माझ्या हातात नानांचा गुडघा आला.

“तो गिअर नाही,” नाना म्हणाले.

“मारुतीराया, सांभाळ,” माई मागून म्हणाल्या.

पण एकदा गावाबाहेर पडलो आणि सगळं जमून गेलं. चाक हातात नांदत होतं. पहिले दोन मैल माई सवयीनं डावीकडे वाकून “डावीकडे सायकल” म्हणत होत्या. मी म्हटलं, “दिसली, माई.” आणखी एकदा म्हटलं, “दिसली.” तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. आरशात पाहिलं तर त्या मागे टेकून बसल्या होत्या. त्यांना टेकून बसलेलं मी प्रथमच बघत होते. मग त्यांनी मान उजवीकडे फिरवली.

“ही शाळा कधी झाली?” त्यांनी विचारलं.

उजव्या हाताला एक कौलारू शाळा होती. पटांगणात पिंपळ, त्याला पार, आणि भिंतीवर रंगवलेला भारताचा नकाशा.

“बासष्ट साली,” नाना म्हणाले.

“बासष्ट?”

“बासष्ट. मग पुढे विहीर लागते, दगडी. मग एक अख्खा मळा जास्वंदीचा आहे. मग पुलाच्या अलीकडे नदी अशी वळते की दोन वेळा दिसते.”

“आपण दर शनिवारी इथूनच जातो.”

“हो.”

“येताना तर अंधारच असतो,” माई स्वतःशी म्हणाल्या. मग नानांना म्हणाल्या, “मला कधी बोलला नाहीत.”

“मला वाटलं,” नाना म्हणाले, “तुला दिसतंय.”

विहीर आली आणि गेली. माईंनी काच पूर्ण खाली केली आणि पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. समोर जास्वंदीचा मळा लागत होता, लांबच्या लांब.

“शरयू,” त्या म्हणाल्या, “हळू चालव गं जरा. मला बघायचंय.”

मी दुसरा गिअर टाकला.